अंड्यांच्या कोंबड्यांतले फॅटी लिव्हर : तेल बंद करू नका, हिशेब बदला

उन्हाळ्यात लेअर शेडमधून सकाळी मेलेले पक्षी काढताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. मेलेली कोंबडी रोडावलेली नसते. उलट पिंजऱ्यातली तीच सगळ्यांत भरलेली, आदल्या संध्याकाळपर्यंत खाद्य टिपणारी, कित्येकदा पोटात कवचासकट तयार अंडे असलेली निघते. फक्त तुरा पांढुरका पडलेला असतो. पोट उघडले की चरबीचा जाड थर, पिवळट सुजलेले यकृत आणि त्याला चिकटलेली रक्ताची मोठी गुठळी दिसते. यकृत इतके ठिसूळ झालेले असते की बोट लावले तरी आत जाते.

हा फॅटी लिव्हर हेमोरेजिक सिंड्रोम. यकृतात चरबी साठत जाते, ते फुगते, आतल्या रक्तवाहिन्या कमकुवत होतात आणि एखाद्या दिवशी अंडे घालताना जोर लावला की यकृत फुटते. बाहेर रक्ताचा थेंब न दिसता कोंबडी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरते. मर रोज थोडी थोडी असते, त्यामुळे सुरुवातीला कुणी मनावर घेत नाही. अंड्यांचा टक्का घसरू लागला की धावपळ सुरू होते.

आणि मग पहिला निर्णय ठरलेला : "यकृतात चरबी सापडली ना? मग फीडमधलं तेल बंद करा." तेल काढायचे, ऊर्जा भरून काढायला मका वाढवायचा. पुष्कळ शेडमध्ये नेमक्या याच उपायाने दुखणे वाढते. हे का होते, आणि तेल किती, कुठले, कसे घालावे, याचा हिशेब पोल्ट्रीवाल्याला स्वतःला मांडता आला पाहिजे.

यकृतातली चरबी येते कुठून?

पक्ष्यांच्या शरीरात नवी चरबी मुख्यतः यकृतात तयार होते. उंदरात किंवा डुकरात हे काम बऱ्याच अंशी चरबीच्या पेशी स्वतःच करतात. पक्ष्यांत ते जवळजवळ सगळे यकृतावर पडते. त्यातून अंड्यावरची कोंबडी म्हणजे रोज बलकासाठी चरबी पुरवणारा जीव. सुमारे ६० ग्रॅमच्या अंड्यात ५ ते ६ ग्रॅम चरबी असते. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते. त्या खाद्यात साडेतीन टक्के चरबी धरली, तरी पोटात जाते ती चार ग्रॅमपेक्षा कमी. म्हणजे एक अंडे घालायलाच तिला खाल्लेल्यापेक्षा जास्त चरबी लागते. उरलेली ती यकृतात बनवते, आणि कच्चा माल असतो मक्यातला स्टार्च.

अंडी सुरू झाली की स्त्रीसंप्रेरक, म्हणजे इस्ट्रोजेन, या कामाला आणखी जोर देते. म्हणून हा विकार भरात असलेल्या, चांगल्या उत्पादनाच्या पक्ष्यांत दिसतो; नरांत सहसा दिसत नाही.

तयार झालेली चरबी यकृतात राहण्यासाठी नसते. प्रथिने आणि फॉस्फोलिपिड यांच्यासोबत तिची बारीक पाकिटे बांधली जातात आणि ती रक्तावाटे बीजांडाकडे जातात. यकृतात किती चरबी तयार होते आणि किती बाहेर पडते, या दोन वेगांवर सगळे अवलंबून आहे. गाळपाच्या क्षमतेपेक्षा जास्त ऊस आला की कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रॉल्यांची रांग लागते, तशी चरबी यकृताच्या पेशींत अडकून राहते. स्टार्च जास्त आला तर आवक वाढते. कोलीन, मिथिओनिन किंवा बी-१२ कमी पडले, तर पाकिटे बांधण्याचे काम रेंगाळते. दोन्ही एकदम झाले की फॅटी लिव्हर ठरलेलेच.

बदकांनी दिलेला पुरावा

स्टार्चपासून यकृतात किती चरबी बनू शकते, याचा सगळ्यांत ठळक दाखला नैर्ऋत्य फ्रान्समधला आहे. लांद आणि जेर या भागांत 'फ्वा ग्रा' नावाच्या पदार्थासाठी बदकांना मुद्दाम जादा खाऊ घालतात. त्यासाठी मुख्यतः मस्कोवी नर आणि पेकिन मादी यांच्या संकरातून झालेले मुलार्ड बदक वापरतात. साधारण १२ आठवड्यांचे झाले की सुमारे दहा-बारा दिवस, दिवसातून दोन वेळा, नळीने थेट अन्ननलिकेत मक्याची लापशी भरली जाते. एवढ्या थोड्या दिवसांत यकृत मूळ आकाराच्या कित्येक पट वाढून अर्ध्या किलोच्या आसपास जाते आणि त्याच्या वजनातला निम्मा किंवा त्याहून जास्त भाग निव्वळ चरबीचा होतो. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार फ्वा ग्रा म्हणून विकायचे बदकाचे यकृत किमान ३०० ग्रॅमचे लागते.

आता यातला मुद्दा बघा. मक्यात तेल असते जेमतेम चार टक्के. स्टार्च असतो ६५ टक्क्यांच्या वर. मक्याच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल असते. यकृतातली चरबी जर त्या तेलातून आली असती, तर तिच्यातही लिनोलिक आम्ल भरपूर सापडले असते. प्रत्यक्षात ते अगदी थोडे सापडते. मुख्य भाग असतो ओलिक आणि पामिटिक आम्लाचा, म्हणजे यकृताने स्टार्चपासून स्वतः बनवलेल्या चरबीचा. चरबी कुठून आली याची साक्ष ती चरबीच देते.

दुसरी गोष्टही बदकांनीच दाखवली. जादा खाऊ घालणे थांबवले की काही आठवड्यांत यकृत पुन्हा मूळ आकाराकडे येते. म्हणजे विकार फार पुढे गेला नसेल, तर यकृत सावरते. शेडमध्ये वेळेवर हालचाल करणाऱ्याला याचाच आधार आहे.

पक्ष्यांचा छळ होतो म्हणून अनेक देशांनी ही पद्धत बंद केली आहे, आणि भारताने २०१४ साली फ्वा ग्राच्या आयातीवर बंदी घातली. आपल्याला त्या पदार्थाशी देणे-घेणे नाही. पण बदकाच्या यकृतात तिथे जे मुद्दाम केले जाते, तेच आपल्या शेडमध्ये चुकीच्या खाद्याने नकळत घडते. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी कोंबड्यांनाही नळीने जादा खाद्य भरून हाच विकार घडवून दाखवला. आणि १९८२ साली त्याच विषयावर आलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा होता की खाद्यातल्या चरबीने हा विकार कमी होतो.

तेल यकृताला मदत कशी करते?

खाद्यातून तयार चरबी मिळाली की यकृताला ती नव्याने बनवावी लागत नाही. बलकासाठी लागणारा माल आयता येतो. सोयाबीन, सूर्यफूल, मका यांच्या तेलांत लिनोलिक आम्ल भरपूर असते, आणि अशी बहुअसंतृप्त आम्ले यकृतातल्या चरबी बनवणाऱ्या एन्झाइमांना आवर घालतात. तिसरा फायदा उन्हाळ्याचा : स्टार्च आणि प्रथिने पचवताना, वापरताना शरीरात जेवढी उष्णता तयार होते, त्यापेक्षा तेलात कमी होते. मे महिन्यात धापा टाकणाऱ्या पक्ष्याला हा फरक जाणवतो.

पण इथेच एक अट आहे, आणि सगळा लेख त्या अटीवर उभा आहे. तेल मक्याच्या जागी घालायचे; मक्याच्या वर नाही. पक्ष्यांत आतड्यातून शोषलेली चरबी लसिकावाहिन्यांतून न जाता थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत जाते. म्हणजे तेलाचा पहिला मुक्कामही यकृतातच. एकूण ऊर्जा वाढवली तर तेलसुद्धा ओझेच होते.

हिशेब असा मांडा

लेअरच्या खाद्यात ऊर्जा साधारण २,६०० किलोकॅलरी प्रतिकिलो धरतात. मक्यात सुमारे ३,३००, वनस्पती तेलात सुमारे ८,८०० आणि गव्हाच्या कोंड्यात सुमारे १,३०० किलोकॅलरी प्रतिकिलो असते. जात, पक्ष्याचे वय आणि मालाची प्रत यांनुसार आकडे थोडे हलतात, पण पद्धत हीच.

चुकीची पद्धत : आहे त्या टनभर फीडवर २० किलो तेल ओतले. एकूण ऊर्जा १,७६,००० किलोकॅलरीने वाढली आणि किलोमागे २,६०० च्या जागी सुमारे २,७२० झाली. कोंबडी थोडे कमी खाईल हे खरे, पण तेवढ्या बेताने कमी खाईलच असे नाही. पिंजऱ्यातली, हालचाल नसलेली, वयाने पुढे गेलेली कोंबडी तर नाहीच. आणि जिने खरोखर कमी खाल्ले, तिला प्रथिने, मिथिओनिन आणि कॅल्शियमही कमी मिळाले. दोन्हीकडून तोटा.

बरोबर पद्धत : टनामागे ४० किलो मका काढा. त्याची ऊर्जा १,३२,००० किलोकॅलरी. त्याच्या जागी १० किलो तेल, म्हणजे ८८,००० आणि ३० किलो गव्हाचा कोंडा, म्हणजे ३९,००० घाला. बेरीज १,२७,०००. खाद्याची ऊर्जा जवळपास तेवढीच राहिली, कोंड्यामुळे प्रथिने किंचित वाढली, आणि टनामागे सुमारे २० किलो स्टार्च कमी झाला. यकृतावरची आवक इथे घटली. कोंड्याऐवजी सूर्यफुलाची पेंड किंवा भाताचा तेल काढलेला कोंडा वापरायचा असेल, तर त्या-त्या मालाची ऊर्जा आणि तंतू बघून तोच हिशेब पुन्हा मांडा. सूत्र बदलण्यापूर्वी कागद पशुआहारतज्ज्ञाला दाखवा. मिठापासून फॉस्फरसपर्यंत बाकीचे घटकही त्याबरोबर जुळवावे लागतात.

साध्या मिक्सरमध्ये मॅश बनवणाऱ्याने एक ते दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. त्याहून जास्त तेलाने गोळे होतात, फीडरमध्ये खाद्य अडकते आणि लवकर खवट होते. तेल थेट सगळ्या मालावर ओतण्यापेक्षा आधी थोड्या मक्याच्या भरड्यात चोळून घ्या आणि मग तो भरडा मिक्सरमध्ये सोडा.

तेल कुठले?

*सोयाबीन तेल :* लिनोलिक आम्ल निम्म्याच्या आसपास. यकृतात चरबी बनण्याला आवर घालायला आणि अंड्याचा आकार वाढवायला चांगले. मात्र पक्षी वयस्क झाले आणि अंडी आधीच मोठी येत असली, तर जादा लिनोलिक आम्लाने अंडी आणखी मोठी होतात, कवच पातळ पडते, फूट वाढते. अशा लॉटमध्ये प्रमाण कमी करा.

*सूर्यफूल तेल :* गुण सोयाबीनसारखेच. भाव परवडत असेल तरच.

*राईस ब्रान तेल :* ओलिक आणि लिनोलिक दोन्ही बऱ्यापैकी. फीडसाठी मिळणाऱ्या कच्च्या राईस ब्रान तेलात मुक्त मेदाम्ले फार वाढलेली असू शकतात. तपासल्याशिवाय घेऊ नका.

*पाम तेल :* ऊर्जा भरपूर, पण यात पामिटिक आणि ओलिक आम्लांचाच मोठा वाटा. यकृतात चरबी बनण्याला आवर घालण्याचा गुण त्यात कमी. एकटे पाम वापरण्यापेक्षा सोयाबीन तेलाबरोबर वापरा.

*सरकीचे तेल :* विदर्भ-मराठवाड्यात सहज मिळते म्हणून मोह होतो. लेअरसाठी टाळा. त्यातल्या काही घटकांमुळे साठवलेल्या अंड्यांतला पांढरा भाग गुलाबी पडतो, बलकाचा रंग बिघडतो आणि व्यापारी माल परत करतो.

*जवसाचे आणि माशाचे तेल :* ओमेगा-३ वाढवायला वापरतात. पण ही तेले फार लवकर बिघडतात, आणि प्रमाण वाढले की अंड्याला वास येतो. फॅटी लिव्हरवरचा घरगुती उपाय म्हणून त्यांच्या नादी लागू नका.

खवट तेल नको

तेल घालण्याचा सगळा फायदा एका खवट डब्याने धुऊन जातो. बिघडलेले तेल खाद्यातले व्हिटॅमिन ई खाऊन टाकते, आणि चरबीने भरलेल्या यकृताला त्याच वेळी व्हिटॅमिन ई ची सर्वांत जास्त गरज असते. विकत घेताना मुक्त मेदाम्ले आणि पेरॉक्साइड यांचा तपासणी अहवाल मागा. 'ॲसिड ऑईल' स्वस्त पडते, पण त्याची प्रत प्रत्येक डब्यागणिक बदलते.

फरसाणवाल्याच्या किंवा ढाब्याच्या कढईतले जळके तेल मुळीच घेऊ नका. माणसाच्या खाण्यासाठीसुद्धा तळणीच्या तेलात ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल बाद, असा एफएसएसएआयचा नियम २०१८ पासून आहे. जे माणसाला चालत नाही ते कोंबडीला पचेल, हा हिशेब चुकीचा.

तेलाचे डबे सावलीत, झाकण घट्ट लावून ठेवा. अँटिऑक्सिडंट घातलेले तेल घ्या किंवा फीडमध्ये घाला. तेल मिसळलेले खाद्य उन्हाळ्यात आठवडाभरात संपेल एवढेच बनवा. सायलोच्या आणि फीडरच्या कोपऱ्यांत चिकटलेला जुना थर खरवडून काढा. नवे खाद्य तिथूनच बिघडायला लागते.

तेलाइतकेच महत्त्वाचे

*कोलीन आणि मिथिओनिन.* चरबी यकृताबाहेर पाठवायला हे लागतातच. टनाला अर्धा ते एक किलो कोलीन क्लोराईड घालण्याची पद्धत आहे; सूत्रात मिथिओनिन किती आहे त्यावर नेमका आकडा ठरतो. कोलीन क्लोराईड हवेतला ओलावा ओढते आणि व्हिटॅमिने खराब करते. म्हणून ते व्हिटॅमिन प्रीमिक्समध्ये मिसळून ठेवू नका. फीड बनवतानाच वेगळे घाला.

*मक्याची प्रत.* पावसात भिजलेल्या, नीट न वाळलेल्या मक्यात बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते. त्याचा घाव थेट यकृतावर बसतो, आणि असे यकृतही फिकट, चरबीयुक्त दिसते. १४ टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा मका साठवू नका. खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची भारतीय मानकातली कमाल मर्यादा २० पीपीबी आहे. शेंगदाणा पेंड वापरत असाल तर तिचा नमुना आधी तपासा. मोहरीची पेंड यकृतात रक्तस्राव वाढवू शकते. लेअरमध्ये ती शक्यतो टाळा.

*कॅल्शियम.* कॅल्शियम कमी पडले की कोंबडी ते मिळवण्यासाठी जास्त खाते आणि ऊर्जा विनाकारण पोटात जाते. शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा संध्याकाळच्या खाद्यात ठेवा. कवच रात्री बनते. त्या वेळी चुरा पोटात असला पाहिजे.

*वजन.* लॉटमधल्या शंभरेक पक्ष्यांचे दर पंधरवड्याला, ठरलेल्या वेळी वजन करा आणि जातीच्या तक्त्याशी ताडून पाहा. पांढऱ्या लेगहॉर्न जातीची अंड्यावरची कोंबडी साधारण दीड किलोची असते. तक्त्याच्या बरेच वर सरकलेले पक्षी दिसले की अंडी चांगली येत असली तरी गाफील राहू नका. मर सुरू होण्याआधी वजनकाटा बोलतो.

*उन्हाळा.* खाद्य पहाटे आणि संध्याकाळी गार वेळी द्या. फॉगर, छतावर पाणी, थंड पिण्याचे पाणी यांत कसूर नको. शेडमध्ये पक्षी बिचकतील असा गोंगाट, अनोळखी माणसांची वर्दळ, कुत्री टाळा. यकृत आधीच ठिसूळ झालेल्या पक्ष्याला एकदा घाबरून फडफडणेही भारी पडते.

मर सुरू झाली तर

पहिले काम शवविच्छेदन. तीन-चार ताजे मेलेले पक्षी पशुवैद्यकाकडे न्या. उष्माघात, रानीखेत, कॉलरा, कॅल्शियमची कमतरता आणि अफ्लाटॉक्सिन यांतही अचानक मर होते. यकृत पिवळे आहे म्हणून लगेच फॅटी लिव्हर ठरवू नका. यकृताबरोबर फीडचा आणि मक्याचा नमुनाही तपासणीला पाठवा.

निदान पक्के झाले की सूत्र बदला : मका कमी, त्याच्या जागी हिशेबाने तेल आणि कोंडा, एकूण ऊर्जा थोडी खाली. कोलीन, मिथिओनिन, व्हिटॅमिन ई आणि बी-१२ पशुवैद्यक सांगेल त्या मात्रेत, सांगेल तेवढे दिवस. बाजारातले 'लिव्हर टॉनिक' पाण्यातून देणे ही या कामाची जोड आहे, पर्याय नाही. खाद्य तेच ठेवून नुसत्या बाटलीवर विसंबून राहणाऱ्याचा पैसा वाया जातो. भरात असलेल्या लॉटचे खाद्य एकदम तोडू नका. उपासाने शरीरातली चरबी सुटून तीही यकृताकडेच येते, आणि अंडी पडतात ती वेगळीच.

फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर रोजची मर, खाद्याची उचल, अंड्यांचा टक्का आणि आठवड्याचे वजन एका वहीत लिहा. सुधारणा होते आहे की नाही, हे त्या चार आकड्यांवरून ठरवा, अंदाजाने नाही.

परसातल्या कोंबड्यांसाठी

गिरिराज, वनराज किंवा गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांनाही हे लागू आहे. मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्यांत विकार क्वचित दिसतो, कारण ते चालतात, किडे-गवत खातात. पण दिवसभर खुराड्यात ठेवून शिळा भात, भाकरी आणि मक्याचा भरडा पोटभर घालणाऱ्या घरांत कोंबडी मात्र गुबगुबीत होते आणि अंडी बंद पडतात. तिला मोकळे सोडा, धान्य मोजून द्या, सोबत हिरवा पाला आणि शिंपल्याचा चुरा ठेवा. तेलाची वेगळी गरज नाही.

थोडक्यात, पुढच्या वेळी फीडचे सूत्र लिहाल तेव्हा तेलाचा आकडा एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी मका किती कमी केला, एकूण ऊर्जा किती झाली आणि कोलीन किती घातले, हे तीन आकडे लिहा. ते जुळत असतील तर तेल ठेवा. जुळत नसतील, तर तेल असो वा नसो, सूत्र चुकलेले आहे.